भाड्याच्या घराला जाळीचा दरवाजा लावावा का? खर्च, परवानगी आणि डिपॉझिटचं गणित समजून घ्या

पाऊस सुरू झाला की भाड्याच्या घरात एक वाद हमखास निघतो. बाल्कनीचं दार उघडं ठेवलं तर डास आणि बंद ठेवलं तर घुसमट. उपाय सगळ्यांनाच माहीत असतो, तो म्हणजे जाळी. अडतं ते पुढे. घर आपलं नाही. करार ११ महिन्यांचा आहे. चौकटीला भोकं पाडली तर डिपॉझिटमधून पैसे कापले जातील अशी धास्ती असते. आणि मापाने बनवून घेतलेला दरवाजा पुढच्या घराला बसेलच असं नाही.

त्यामुळे बरेच भाडेकरू ‘आता कशाला, पुढच्या घरात बघू’ असं म्हणत एक पावसाळा काढतात. मग दुसरा. घरात लहान मूल किंवा वयस्कर माणूस असेल तर ही टाळाटाळ महागात पडू शकते. उलट, घाईघाईत न विचारता बसवलेला दरवाजा घर सोडताना भांडणाचं कारण ठरतो. म्हणूनच जाळी लावावी का, कोणती लावावी, पैसे कोणी द्यावेत आणि कायदा काय सांगतो, हे एकेक करून पाहू.

रात्री मच्छरदाणी लावली की पुरत नाही का?

पुरत नाही, कारण सगळे डास रात्री चावत नाहीत. डेंग्यू आणि चिकुनगुन्या पसरवणारा एडिस इजिप्ती हा डास दिवसा चावतो. पायांवर पांढरे पट्टे असलेला हा काळा डास सकाळी उजाडल्यानंतरचे काही तास आणि सूर्य मावळण्याआधीचे काही तास जास्त सक्रिय असतो. म्हणजे घरात केर-फरशी चालू असते, मुलं शाळेची तयारी करत असतात किंवा संध्याकाळी चहा होत असतो, नेमकी तीच वेळ. रात्री दहाला लावलेली अगरबत्ती किंवा लिक्विडचं मशीन या डासाला अडवायला उशिराच पोहोचतं.

मलेरिया पसरवणारा ॲनोफिलीस डास मुख्यतः संध्याकाळ ते पहाट या वेळेत चावतो. गटाराच्या घाण पाण्यात वाढणारा क्युलेक्स रात्री कानाशी गुणगुणतो. मच्छरदाणी या दोघांपासून झोपेत वाचवते. दिवसभर घरात वावरणाऱ्याला मात्र दारा-खिडक्यांना जाळी असण्याचा फायदा जास्त होतो.

डेंग्यूबद्दल एक गैरसमजही दूर करायला हवा. ‘एकदा झाला की पुन्हा होत नाही’ असं अनेकांना वाटतं. डेंग्यूच्या विषाणूचे चार प्रकार आहेत. एका प्रकाराची लागण झाली तर त्या प्रकारापासून संरक्षण मिळतं, उरलेल्या तीन प्रकारांपासून कायमचं मिळत नाही. दुसऱ्यांदा वेगळ्या प्रकाराची लागण झाली तर आजार जास्त गंभीर होण्याचा धोका वाढतो. म्हणून घरात कोणाला आधी डेंग्यू होऊन गेला असेल, तर जाळीचा विचार थोडा जास्त गांभीर्याने करायला हवा.

जाळीने खरंच फरक पडतो का?

हा प्रश्न सव्वाशे वर्षांपूर्वीच तपासला गेला आहे. डासाच्या शरीरात मलेरियाचा परजीवी असतो हे रोनाल्ड रॉस यांनी २० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबादमध्ये शोधलं. त्यानंतर १९०० च्या उन्हाळ्यात लुईजी सँबन आणि जॉर्ज लो हे दोन डॉक्टर इटलीत रोमजवळच्या दलदलीच्या भागात जाळी लावलेल्या लाकडी घरात मुद्दाम राहिले. हा भाग मलेरियासाठी कुप्रसिद्ध होता. दिवसा ते मोकळे फिरत, पण सूर्य मावळायच्या आत जाळीआड जात. मलेरियाचा हंगाम संपला तरी त्यांना मलेरिया झाला नाही.

अलीकडचा दाखला आफ्रिकेतल्या गांबिया देशाचा आहे. तिथे घरांची दारं, खिडक्या आणि छताच्या फटी जाळीने बंद करून मोठी चाचणी घेण्यात आली. तिचे निष्कर्ष २००९ मध्ये ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आले. जाळी लावलेल्या घरांत मलेरियाचे डास निम्म्याहून कमी सापडले आणि मुलांमधल्या रक्तक्षयाचं प्रमाणही कमी आढळलं.

पण यातली मेख लक्षात घ्यायला हवी. फरक पडला तो घराच्या सगळ्या वाटा बंद केल्यावर. एका खिडकीला जाळी आणि शेजारची खिडकी सताड उघडी, अशा घराला हा निष्कर्ष लागू होत नाही.

जाळी लावल्यावर हवा किती कमी होते?

बाजारात सर्वाधिक दिसणारी फायबरग्लासची जाळी साधारण १८×१६ मापाची असते. म्हणजे एका इंचात एका दिशेला १८ आणि दुसऱ्या दिशेला १६ भोकं. हिशेब केला तर एका चौरस इंचात २८८ भोकं होतात. धाग्याची जाडी साधारण ०.२८ मिलिमीटर धरली, तर प्रत्येक भोक सुमारे १.१ बाय १.३ मिलिमीटरचं उरतं. यातून डास आत येत नाही. अगदी बारीक चिलटं मात्र येऊ शकतात.

याच मापावरून मोकळी जागा काढली तर ती सुमारे ६६ टक्के येते. म्हणजे जाळी नवी आणि स्वच्छ असतानाही खिडकीचा एक तृतीयांश भाग धाग्यांनी झाकलेला असतो. धूळ बसली की वारा आणखी कमी होतो. रस्त्यालगतच्या घरात किंवा स्वयंपाकघरात तेलकट धूळ साचून जाळी काही महिन्यांत काळी पडते. त्यामुळे धुण्यासाठी काढता येणारी जाळी घेणं केव्हाही चांगलं.

आणखी बारीक भोकांची जाळी मागितली तर चिलटंही अडतील, पण वारा आणखी कमी मिळेल. एकाच बाजूला खिडक्या असलेल्या छोट्या फ्लॅटमध्ये हा फरक उन्हाळ्यात जाणवतो.

पैसे खर्च करण्याआधी काय तपासायचं?

डास नेमके येतात कुठून, हे आधी पाहा. अनेक घरांत बाल्कनीला महागडा जाळीचा दरवाजा बसतो आणि डास बाथरूमच्या लुव्हर काचांमधून येतच राहतात. एक्झॉस्ट फॅनचं भोक, एसीच्या पाइपसाठी भिंतीला पाडलेलं छिद्र, बेसिनखालची मोकळी जागा आणि मुख्य दाराखालची फट या नेहमीच्या चोरवाटा आहेत.

दाराखालची फट किरकोळ वाटते, पण हिशेब करून पाहा. तीन फूट रुंद दाराखाली अर्ध्या इंचाची फट असेल तर ती सुमारे ११६ चौरस सेंटीमीटर होते. म्हणजे जवळपास एका स्मार्टफोनएवढी खिडकी घराला चोवीस तास उघडी असते. ती बंद करायला दाराखाली लावायची रबरी किंवा ब्रशची पट्टी पुरते. तिला ना फॅब्रिकेटर लागतो, ना घरमालकाशी मोठी चर्चा.

दुसरी तपासणी घराच्या आत करायची. कुंडीखालची ताटली, फ्रिजच्या मागचा ट्रे, कूलर, मनी प्लांटची बाटली, झाकण नसलेली पाण्याची बादली यांत एडिसची अंडी असतील तर जाळी उलट काम करते. घरात जन्मलेले डास घरातच अडकतात. अंड्यापासून डास तयार व्हायला साधारण ७ ते १० दिवस लागतात. म्हणूनच आठवड्यातून एक दिवस सगळी भांडी रिकामी करून, घासून कोरडी ठेवायची. आरोग्य विभाग ‘कोरडा दिवस’ पाळायला सांगतो तो याचसाठी.

आठवडाभर एवढं करून पाहा. डास बऱ्यापैकी कमी झाले तर मोठा खर्च टळला. कमी झाले नाहीत तर जाळीकडे वळा.

भाड्याच्या घरासाठी पर्याय कोणते?

एकूण पर्याय चार प्रकारांत मोडतात. भाडेकरूच्या दृष्टीने त्यांचा क्रम भोकं किती पाडावी लागतात यावर लावता येतो.

१. वेल्क्रोची जाळी : खिडकीच्या चौकटीला आतून चिकटपट्टी लावायची आणि त्यावर जाळी दाबून बसवायची. सगळ्यात स्वस्त, घरच्या घरी होणारी आणि भोकाशिवायची. अडचणी दोन. पावसाळ्यात ओलसर चौकटीला पट्टी नीट धरत नाही. त्यामुळे चौकट आधी पुसून पूर्ण कोरडी करावी लागते. शिवाय सरकती खिडकी उघडायची म्हटली की दर वेळी जाळी सोडवावी लागते. पट्टी रंगवलेल्या भिंतीवर लावू नका. काढताना रंगाचा पापुद्रा सोबत येतो. ॲल्युमिनियमच्या चौकटीवर लावली तर फक्त गोंद उरतो आणि तो साफ करता येतो.

२. चुंबकाचा पडदा : दोन भागांत असलेला जाळीचा पडदा, मधोमध चुंबक. माणूस गेला की आपोआप मिटतो. बाल्कनीच्या दाराला सोयीचा. पण तळाशी फट राहते, जोराच्या वाऱ्यात तो मधून उघडतो आणि लहान मुलं लोंबकळली की चिकटपट्टी सुटते. एक-दोन वर्षांच्या मुक्कामासाठी मात्र हा पर्याय पैशाला परवडतो.

३. सरकती किंवा घडीची जाळी : ॲल्युमिनियमच्या फ्रेममध्ये बसणारी. नव्या इमारतींत तीन ट्रॅकच्या खिडक्या असतात आणि तिसरा ट्रॅक जाळीसाठीच असतो. तुमच्या खिडकीला तिसरा ट्रॅक रिकामा असेल तर जाळीचं पल्लं बनवून नुसतं त्यात बसवायचं, एकही भोक लागत नाही. दोनच ट्रॅक असतील तर वेगळी फ्रेम स्क्रूने जोडावी लागते. घडीची जाळी दिसायला छान असते, पण महाग असते आणि तिची दोरी तुटली की कारागीर बोलवावा लागतो.

४. जाळीचा दरवाजा किंवा सेफ्टी डोअर : मुख्य दाराबाहेर बिजागऱ्यांवर बसणारा लाकडी, लोखंडी किंवा ॲल्युमिनियमचा दरवाजा. आतलं दार उघडं ठेवून वारा घेता येतो आणि बाहेर कोण आलंय ते दिसतं. सगळ्यात टिकाऊ आणि सगळ्यात जास्त तोडफोडीचा. बिजागऱ्या, कडी, कुलूप यांसाठी चौकटीत कायमची भोकं पडतात. हा पर्याय भाडेकरूने स्वतःच्या खर्चाने करण्याआधी दोनदा विचार करावा.

कायदा काय सांगतो?

आधी तुमचा करार कोणता आहे ते पाहा. महाराष्ट्रात आज बहुतेक घरं ‘लिव्ह अँड लायसन्स’ करारावर दिली जातात. अशा करारात राहणारा माणूस कायद्याच्या भाषेत भाडेकरू नसतो, परवानाधारक असतो. जुन्या चाळीत किंवा वाड्यात पिढ्यान् पिढ्या राहणारे लोक मात्र भाडेकरू असतात. दोघांना लागू होणारे नियम वेगळे आहेत.

भाडेकरूंसाठी महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ आहे. त्याच्या कलम १६ नुसार घरमालकाच्या लेखी संमतीशिवाय ‘पक्कं बांधकाम’ केलं तर ते घर खाली करून घेण्याचं कारण ठरू शकतं. पण याच कलमाच्या स्पष्टीकरणात काही कामं पक्क्या बांधकामातून वगळली आहेत. आवश्यक तिथे महापालिकेची परवानगी घेऊन केलेलं लाकडी पार्टिशन, स्वयंपाकाचा ओटा, दार, जाळीकाम, वायुवीजनासाठी खिडकी, एसी बसवणं अशी कामं त्या यादीत आहेत. म्हणजे जुन्या भाडेकरूने जाळीचा दरवाजा लावला, एवढ्यावरून त्याला बाहेर काढता येणं अवघड आहे.

लिव्ह अँड लायसन्सवर राहणाऱ्याला या स्पष्टीकरणाचा आधार घेता येत नाही. त्याच्यासाठी करारातला मजकूर महत्त्वाचा. अशा करारांत साधारणपणे एक कलम असतंच : मालकाच्या लेखी संमतीशिवाय घरात आतून-बाहेरून कोणताही बदल करायचा नाही. चौकटीला भोक पाडणं हा बदल आहे असं मालक म्हणू शकतो. वेल्क्रोची पट्टी हा बदल आहे असं म्हणणं त्याला कठीण जाईल.

मग स्वतःच्या पैशाने लावलेली जाळी जाताना नेता येते का? परवानाधारकाबाबत भारतीय सुविधाधिकार कायदा १८८२ मधलं कलम ६३ महत्त्वाचं आहे. परवाना रद्द झाल्यावर घर सोडायला आणि ‘जिथे ठेवायची परवानगी दिली होती’ अशा वस्तू काढून न्यायला वाजवी वेळ मिळतो, असं ते सांगतं. यातला ‘परवानगी’ हा शब्द महत्त्वाचा आहे. भाडेपट्ट्याच्या बाबतीत मालमत्ता हस्तांतरण कायदा १८८२ च्या कलम १०८ नुसार भाडेकरू स्वतः जोडलेल्या वस्तू काढून नेऊ शकतो, पण ताबा त्याच्याकडे असेपर्यंतच. आणि जागा जशी मिळाली तशी परत द्यावी लागते. करारात वेगळं काही लिहिलं असेल तर ते लागू होतं.

थोडक्यात, परवानगी लेखी घ्या आणि काढायची असेल तर चावी देण्याआधी काढा.

आणखी एक मुद्दा. १९९९ च्या कायद्याचं कलम ५५ सांगतं की करार लेखी आणि नोंदणीकृत असायला हवा आणि तो नोंदवण्याची जबाबदारी घरमालकाची आहे. नोंदणीकृत करार नसेल तर अटींबाबत भाडेकरूचं किंवा परवानाधारकाचं म्हणणं, उलट सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरलं जातं. त्यामुळे ‘तोंडी ठरलं होतं’ यावर विसंबून राहणं मालकालाच जास्त अडचणीचं आहे.

घरमालकाशी बोलायचं कसं?

मालक नकार देतो त्यामागे बहुतेक वेळा तीन चिंता असतात. चौकट खराब होईल, पुढच्या भाडेकरूला ते नको असेल आणि सोसायटी ओरडेल. या तिन्हींची उत्तरं आधीच दिली तर संमती मिळणं सोपं जातं. फोनवर बोला, पण बोलून झाल्यावर मेसेज नक्की करा. मेसेजचा मजकूर साधारण असा ठेवता येईल :

‘नमस्कार काका, आत्ता फोनवर बोलल्याप्रमाणे बाल्कनीच्या दाराला डासांची सरकती जाळी बसवायची आहे. चौकटीला आतल्या बाजूने सहा स्क्रू येतील. बाहेरून काही दिसणार नाही. कोटेशन आणि चौकटीचा आत्ताचा फोटो सोबत पाठवत आहे. अर्धा खर्च तुम्ही दिलात तर घर सोडताना जाळी इथेच ठेवू. नाहीतर खर्च आम्ही करू आणि जाताना जाळी काढून भोकं बुजवून देऊ. यातलं तुम्हाला काय सोयीचं वाटतं ते कृपया कळवा.’

या मेसेजमध्ये चार गोष्टी आहेत : काम काय, भोकं किती, पैसे कोणाचे आणि जाताना जाळीचं काय. पुढे होणारे वाद जवळपास नेहमी या चारपैकी एकावरून होतात. मालकाचं ‘ओके’ आलं की त्याचा स्क्रीनशॉट कराराच्या पीडीएफसोबत जपून ठेवा. मालक वयस्कर असतील आणि मेसेज पाहत नसतील तर साध्या कागदावर दोन ओळी लिहून सही घेतलेली बरी.

बोलण्यासाठी सगळ्यात चांगली वेळ म्हणजे करारावर सही होण्याआधीची किंवा नूतनीकरणाची. घर पाहायला गेल्यावरच दारा-खिडक्यांना जाळी आहे का ते बघा. भाडेवाढ ठरत असताना ‘वाढ मान्य आहे, पण जाळी तुम्ही लावून द्या’ असं म्हणणं सोपं असतं. सही झाल्यानंतर तीच गोष्ट मालकाच्या मर्जीवर जाते.

मालकांनीही एक हिशेब करावा. जाळी एकदा लागली की ती त्यांच्याच घरात राहते. पुढच्या भाडेकरूला घर दाखवताना ती उपयोगी पडते. प्रत्येक भाडेकरूने वेगळी भोकं पाडण्यापेक्षा एकदाच नीट काम झालेलं चौकटीलाही बरं.

सोसायटीची परवानगी लागते का?

घराच्या आत, खिडकीच्या आतल्या बाजूने जाळी लावली तर सहसा प्रश्न येत नाही. इमारतीच्या बाहेरून दिसणारा बदल असेल किंवा दरवाजा सामायिक पॅसेजमध्ये उघडणार असेल, तर सोसायटीला विचारावं लागतं. फ्लॅटमध्ये फेरबदल करण्यासाठी सोसायटीची परवानगी घेण्याची तरतूद आदर्श उपविधींमध्ये आहे आणि हा अर्ज सभासदाने, म्हणजे घरमालकाने, करायचा असतो.

सेफ्टी डोअरच्या बाबतीत हे जास्त महत्त्वाचं ठरतं, कारण तो बाहेर उघडतो. अरुंद पॅसेजमध्ये समोरासमोर दोन दारं एकाच वेळी उघडली तर वाट अडते. आग लागली तर हीच वाट सगळ्यांची असते. बसवण्याआधी दार पूर्ण उघडल्यावर किती जागा उरते ते मोजून पाहा. जिना किंवा लिफ्टसमोर दार येत असेल तर सरकत्या जाळीचा किंवा चुंबकाच्या पडद्याचा विचार करा.

खर्चाचं गणित कसं मांडायचं?

फॅब्रिकेटर चौरस फुटाने दर सांगतो. दर शहर, जाळीचा प्रकार आणि फ्रेमच्या जाडीनुसार बदलतात, म्हणून निदान दोन ठिकाणी विचारा. हिशेब समजण्यासाठी एक कल्पित उदाहरण घेऊ. बाल्कनीचं दार सहा फूट बाय सात फूट, म्हणजे ४२ चौरस फूट. दर समजा १५० रुपये. जाळीचे ६,३०० रुपये आणि बसवण्याचे ३०० धरले तर एकूण ६,६०० रुपये झाले.

आता हा आकडा मुक्कामाच्या महिन्यांनी भागा. ११ महिने राहणार असाल तर महिन्याला ६०० रुपये पडतात. २२ महिने राहिलात तर ३००, आणि ३३ महिने राहिलात तर २००. मालकाने निम्मा खर्च उचलला तर ११ महिन्यांच्या मुक्कामातही महिन्याला ३०० रुपयेच पडतात.

हा आकडा घराच्या सध्याच्या खर्चाशी ताडून बघा. महिन्याला लिक्विडच्या बाटल्या, कॉइल, मलम आणि डासांमुळे दारं बंद ठेवून चालवलेला एसी यांवर किती जातात ते एका महिन्यासाठी लिहून काढा. दोन्ही आकडे जवळ आले तर जाळी परवडते. मासिक खर्चाच्या दुप्पट-तिप्पट पडत असेल तर स्वस्त पर्याय निवडा.

मापाने बनवलेल्या दरवाजाची पुढच्या घरातली किंमत शून्य धरा. दोन इमारतींच्या चौकटी क्वचितच सारख्या निघतात. वेल्क्रोची जाळी कापून लहान करता येते, ॲल्युमिनियमची फ्रेम कापायला पुन्हा कारागीर आणि पुन्हा पैसे लागतात. जाळी कोणतीही घ्या, माप वर, मध्ये आणि खाली असं तीन ठिकाणी घ्या. जुन्या इमारतींत चौकट सरळ नसते आणि तिरकी राहिलेली फट डासांना बरोबर सापडते.

या तीन गोष्टी जीवावर बेतू शकतात

पहिली : जाळी म्हणजे ग्रिल नव्हे. डासांची जाळी मुलाचं वजन पेलत नाही. खिडकीला जाळी लागली की मूल पडणार नाही असा भ्रम होतो आणि मग खिडकीजवळ पलंग किंवा स्टूल ठेवलं जातं. ग्रिल नसलेल्या खिडकीला जाळी लावली तरी ती मुलांच्या दृष्टीने उघडीच समजा.

दुसरी : बाहेर पडायची वाट. जाळीचा दरवाजा आतून, अंधारात, किल्लीशिवाय उघडता यायला हवा. घरातल्या वयस्कर माणसाला आणि मोठ्या मुलाला त्याची कडी उघडून दाखवा आणि त्यांच्याकडून एकदा उघडून घ्या.

तिसरी : गॅस गिझर. बाथरूममध्ये गॅस गिझर असेल तर हवा जाण्या-येण्याची जागा मोकळी असणं अत्यावश्यक आहे. हवा पुरेशी नसेल तर कार्बन मोनॉक्साइड साचतो. या वायूला ना वास असतो ना रंग, आणि तो जीव घेतो. तिथल्या लुव्हरला डासांसाठी प्लास्टिक किंवा पुठ्ठा लावू नका. जाळी लावली तर ती धुळीने बंद होणार नाही याकडे लक्ष ठेवा. गॅस गिझर शक्यतो बाथरूमबाहेर असलेला उत्तम.

मालक नाहीच म्हणाला तर?

चौकटीला हात न लावता बरंच काही करता येतं. खिडक्यांना ॲल्युमिनियमच्या कडेवर वेल्क्रोची जाळी, बाल्कनीच्या दाराला चुंबकाचा पडदा, दाराखाली पट्टी आणि बाळाच्या दिवसाच्या झोपेसाठीही मच्छरदाणी. डेंग्यूचा डास दिवसा चावत असल्याने दुपारी झोपणाऱ्या बाळाला मच्छरदाणीची गरज रात्रीइतकीच असते. पंखा चालू असला तर डासाला अंगावर बसणं अवघड जातं. पूर्ण बाह्यांचे कपडे आणि पायमोजे संध्याकाळच्या वेळी उपयोगी पडतात.

घर सोडताना काय करायचं?

ठरल्याप्रमाणे जाळी न्यायची असेल तर ती शेवटच्या दिवसासाठी ठेवू नका. सामान हलवण्याच्या दोन-तीन दिवस आधी काढा. लाकडी चौकटीतली भोकं लाकडाच्या पुट्टीने बुजवून, वाळल्यावर पॉलिश पेपरने घासून त्याच रंगाचा हात मारा. वेल्क्रोचा गोंद हेअर ड्रायरने गरम केला की मऊ होतो, मग प्लास्टिकच्या कार्डाने खरवडून काढता येतो. थिनर वापरायचा तर आधी कोपऱ्यात थोडा लावून बघा, पावडर कोटिंगचा रंग उडू शकतो.

मग फोटो काढा. बसवण्याआधीचा, बसवल्यावरचा आणि काढल्यानंतरचा असे तीन फोटो असले की डिपॉझिटची चर्चा लवकर संपते. जाळी मालकाला ठेवायची असेल तर त्याचे पैसे डिपॉझिटसोबत मिळणार की नाही, हे चावी देण्याआधी मेसेजवर ठरवा.

मग निर्णय काय घ्यायचा?

मुक्काम एक वर्षापेक्षा कमी असेल आणि मालक खर्चात वाटा उचलत नसेल, तर वेल्क्रोची जाळी, चुंबकाचा पडदा आणि दाराखालची पट्टी एवढंच करा. खिडकीला तिसरा ट्रॅक रिकामा असेल तर तिथे जाळीचं पल्लं बसवून घ्या. दोन वर्षं किंवा जास्त राहायचं नक्की असेल, तर लेखी संमती घेऊन बाल्कनीला सरकती जाळी लावणं हिशेबात बसतं. मुख्य दाराचा सेफ्टी डोअर हा मालकाच्या खर्चाचा विषय आहे. त्यांना तो हवा असेल तर आनंदाने लावू द्या, स्वतःहून खर्च करू नका.

घरात तान्हं बाळ, गरोदर स्त्री, वयस्कर माणूस किंवा डेंग्यू होऊन गेलेलं कोणी असेल तर ‘महिन्याला किती पडतात’ हा हिशेब दुसऱ्या क्रमांकावर ठेवा. अशा घरात स्वस्तातली का होईना, पण सगळ्या वाटा बंद करणारी जाळी या आठवड्यातच लागलेली बरी. मालकाच्या उत्तराची वाट पाहत बसण्यापेक्षा ज्या जाळीला त्यांची परवानगी लागत नाही, तिच्यापासून सुरुवात करा.